बत्तीस घोडे हाकणारा अँसल

अँसल प्रूइटला जाऊन या ऑक्टोबरात एकतीस वर्षं होतील. आमच्या लॉर्टन गावात त्याला प्रत्यक्ष घोडे हाकताना पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत, आणि त्यांना तो चुकीचा आठवतो. ते माझ्यामुळे. म्हणून लिहायला बसले आहे. याचा काही उपयोग होईल अशी मला आशा नाही, पण एकदा सगळं ओळीने सांगून टाकते.

अँसल दिसायला अगदीच बेताचा. उंची माझ्या खांद्याएवढी (मी ताडमाड आहे हे कबूल), आणि कान मात्र दोन माणसांना पुरून उरतील एवढे. मिसूरीतून खेचरं हाकत तो आमच्या शेतावर आला तेव्हा मी चार वर्षांची होते. माझ्या वडिलांना, रूफस टँडींना, हार्वेस्टरचे, म्हणजे गहू कापून झोडणाऱ्या यंत्राचे, घोडे हाकायला माणूस हवा होता. दारात उभ्या राहिलेल्या त्या मूर्तीकडे बघून आई म्हणाली होती म्हणे, "हा घोडे हाकणार, की घोडे ह्याला?" अँसलने टोपी काढली, "बाई, आधी जेवण द्या, मग सांगतो," म्हणाला आणि अठरा वर्षं राहिला.

आमच्याकडचा गहू टेकड्यांवर पिकतो. टेकड्या अशा उभ्या, की खालून बघणाऱ्याला वाटावं यंत्र आता गडगडत अंगावर येणार. हार्वेस्टर ओढायला बत्तीस घोडे लागत. सगळ्यात पुढे दोन म्होरके, त्यांच्यामागे सहा-सहांच्या पाच रांगा. यंत्राच्या तोंडातून एक शिडी तिरपी निघे, ती मागच्या घोड्यांच्या पाठींवरून पुढे जाई, आणि तिच्या टोकाला अधांतरी एक लोखंडी बैठक. तिथे अँसल बसे. हातात दोनच लगाम, तेही म्होरक्यांचे. बाकीचे तीस घोडे एकमेकांना पट्ट्यांनी बांधलेले असत. त्यांच्याशी अँसलचा व्यवहार दोनच गोष्टींनी चाले, आवाजाने आणि खड्यांनी.

खड्यांचं सांगायला हवं. बैठकीच्या बाजूला एक लाकडी खोका असे. त्यात ओढ्यातले गुळगुळीत खडे, अक्रोडाएवढे, त्याने स्वतः निवडून आणलेले. एखादा घोडा अंगचोरपणा करायला लागला, पट्टा सैल सोडून नुसता चालायला लागला, की अँसल आधी त्याचं नाव घेई. "टायटस!" तेवढ्यावर टायटस सुधारला तर ठीक. नाही सुधारला तर खडा. तीस फुटांवरून, चालत्या, हलत्या बैठकीवरून, बरोबर टायटसच्या पुठ्ठ्यावर. शेजारच्या घोड्याच्या कानालाही कळायचं नाही. चाबूक त्याने कधी जवळ ठेवला नाही.

"नाव घेतल्याशिवाय खडा मारायचा नाही," असं तो मला सांगे. "नाव न घेता मारलं, की घोड्याला वाटतं वरून काहीही कधीही पडतं. मग तो तुझ्यावर विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नसता."

मला हे सगळं तो का सांगे? तर मला ते शिकायचं होतं. मुलींनी शेतावर नेलेल्या स्वयंपाकाच्या गाडीत उकडून निघावं, बटाटे सोलावेत, आणि दिवसातून पाच वेळा गड्यांना खायला घालावं, हे माझ्या नशिबात लिहिलेलं होतं, आणि मला त्याचा मनापासून तिटकारा होता. अँसलने मला कधी हसून घालवलं नाही. रविवारी तो रिकाम्या यंत्राला घोडे जुंपी आणि मला बैठकीवर चढवी. स्वतः शिडीच्या दांड्याला लटकून मागे उभा. दोन उन्हाळे मी तसे घालवले. बत्तीसच्या बत्तीस नावं मला पाठ होती, अजून आहेत. म्होरक्या दोन घोड्या होत्या, बेस आणि ज्युनो. त्यातली ज्युनो त्याची जीव की प्राण होती. मोठी करडी घोडी, एक डोळा जरा पांढरट, आणि डोक्याने आमच्या अर्ध्या गावापेक्षा शहाणी. वळणावर अँसलने नुसता श्वास घेतला तरी तिला कळे. दिवस संपला की सगळे गडी आधी जेवायला पळत. अँसल आधी बत्तीस गळ्यांवरून मिठाच्या पाण्याचं फडकं फिरवी, घामाने कातडी सोलवटू नये म्हणून. मग हात धुऊन येई, आणि त्याच्यासाठी गरम ठेवलेलं ताट मी त्याच्यापुढे ठेवी.

वडिलांपेक्षा मी त्याच्याशी जास्त बोलत असे. हे मुद्दाम सांगते, पुढचं वाचताना विसरू नये म्हणून.

एकोणीसशे अठ्ठावीस साल. मी बावीस वर्षांची. त्या हंगामात मी ठरवलं होतं, की खऱ्या कापणीत, सगळ्यांदेखत, एक फेरा मी हाकणार. वडील पाहतील, बर्ल पाहील. बर्ल म्हणजे यंत्र सांभाळणारा माणूस. त्याची जीभ यंत्रापेक्षा जास्त चाले, आणि गावात काय बोलायचं ते बर्लने ठरवायचं, असा जणू नियम होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाला सगळे टेबलाशी बसलेले असताना मी विचारलंच.

"अँसल, संध्याकाळचा शेवटचा फेरा मी घेऊ?"

अँसल भाकरीच्या तुकड्याने ताट पुसत होता. वर बघितलंसुद्धा नाही. "या वर्षी नको."

"का नको?"

"परवा रविवारी तू ड्यूकचं नाव घेतलंस आणि खडा डॉलीला मारलास."

"एकदाच झालं ते!"

"डॉलीला एकदाच पुरे. दोन दिवस तिचे कान मागे आहेत."

बर्ल खिदळला. "लिओटाबाई, तुम्ही पोळ्या भाजा. पोळी चुकली तर कान मागे नाही टाकत!" सगळं टेबल हसलं. माझे वडीलही हसले, आणि ते वर्षातून दोनदाच हसत. मला वाटलं अँसल माझ्या बाजूने काही बोलेल. तो उठला, टोपी घातली आणि घोड्यांकडे गेला. तो बरोबर होता. म्हणूनच जिव्हारी लागलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली होती.

तीन वाजता दुपारच्या खाण्याची टोपली घेऊन मी टेकडीवर निघाले. आमच्याकडे एक रीत होती, अजूनही असेल कुणाकडे. ऑगस्टमध्ये गांधीलमाश्या जमिनीतल्या बिळांत घरं करतात, आणि कापलेल्या धाटांत ती घरं दिसत नाहीत. घोड्याचा खूर त्यावर पडला की झालं. म्हणून शेतात जाणाऱ्या प्रत्येकाने जवळ लाल चिंध्या ठेवायच्या. घर दिसलं, की तिथे काठी रोवून चिंधी बांधायची. हाकणारा ती लांबून बघतो, वळसा घेतो, तेवढा गहू उभा सोडतो. सकाळच्या गारव्यात माश्या मरगळलेल्या असतात, तेव्हा कुणीतरी जाऊन बिळात रॉकेल ओततो. एवढं साधं. सहा वर्षांच्या पोरालाही माहीत असलेलं.

ओढ्याकडच्या उतारावर, उभ्या गव्हाच्या अगदी काठाला, मला घर दिसलं. मुठीएवढं भोक, आणि त्यातून माश्यांची सारखी ये-जा. पुढचा फेरा बरोबर तिथूनच जाणार होता.

माझ्या एप्रनच्या खिशात चार चिंध्या होत्या. मी एक बाहेर काढली. काढली, हातात धरली, आणि परत खिशात घातली.

काय मनात होतं ते जसंच्या तसं लिहिते. मनात होतं, की दोन-चार घोडे उसळतील, रांग विस्कटेल, अँसलला शिव्या देत खाली उतरावं लागेल, आणि बर्ल त्याला हसेल. मला हसला तसा. बस, एवढंच. त्याचं नाक जरा खाली व्हावं. त्याहून वाईट काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, आणि मनात नसण्याचं काडीचं मोल नाही, हे मला त्यानंतर दहा मिनिटांत कळलं.

मी टोपली घेऊन वरच्या अंगाला जाऊन उभी राहिले. मजा बघायला. यंत्र टेकडीच्या कडेने घरघरत आलं. पहिल्या दोघी गेल्या, पहिली रांग गेली, दुसरी गेली. मग तिसऱ्या रांगेतला टायटस चारही पायांवर उसळला. त्याच्या शेजारचा किंचाळला. घोड्याची ती किंकाळी कुणी ऐकली नसेल तर बरंच आहे. आणि मग बत्तीसच्या बत्तीस घोडे उताराने खाली सुटले, मागे ते अवाढव्य यंत्र, त्यावर चार माणसं. यंत्राची चाकं वेगाने फिरली तशी आतली सगळी चक्रं वेडी झाली. यंत्रावर धान्याची पोती शिवणाऱ्या गड्याने उडी मारली आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. बाकीचे धरून बसले.

अँसलने उडी मारली नाही. घोडे सुटल्यावर तो ओरडलाही नाही. ओरडण्याने काही होण्याची वेळ गेली होती. तो बैठकीवर मागे रेलला, पाय दांड्यात अडकवले आणि दोन्ही म्होरक्यांना टेकडीच्या वर वळवायला लागला. उभ्या गव्हात, चढावर. चढ घोड्यांना दमवतो. तेवढा एकच उपाय होता, आणि तो सुचायला आणि करायला त्याला जेमतेम तीन श्वासांचा वेळ मिळाला असेल. बेस वळली. ज्युनो वळली. त्यांच्यामागे सगळी रांग कमानीसारखी वळायला लागली. जमतंय असं वाटलं. आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला ज्युनोचा पाय कुठल्याशा जनावराच्या बिळात गेला. ती खाली बसली आणि मागचे घोडे तिच्यावरून गेले.

मग सगळं थांबलं. गव्हाची धूळ हळूहळू खाली बसली. तिघे जण यंत्रावर जिवंत होते. अँसल शिडीवरून उतरला, घोड्यांमधून वाट काढत ज्युनोपर्यंत गेला आणि तिच्या डोक्याशी बसला. तिचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. वडील बंदूक घेऊन आले आणि म्हणाले, "मी करतो." अँसलने हात पुढे केला. त्याने बंदूक घेतली, "ज्युनो," असं नेहमीच्या आवाजात म्हणाला, तिने कान हलवला, आणि मग त्याने चाप ओढला.

त्यानंतर चौकशी झाली. तिथेच, शेतात.

"झोपला होतास काय रे वर?" बर्लने तोंड उघडलं. तो थरथरत होता, म्हणून जास्तच चिडला होता. "सरळ चालले होते घोडे!"

"गांधीलमाश्या असणार," अँसल म्हणाला. "आधी टायटस उसळला. मधूनच. माश्यांशिवाय असं होत नाही."

"चिंधी कुठे होती?"

"चिंधी नव्हती."

वडिलांनी टायटसच्या पोटाखाली हात फिरवला. घोडे फेसाने माखले होते, पट्ट्यांनी जागोजागी वळ उठले होते. कुठला वळ कशाचा, कोण सांगणार? बर्ल खाली जाऊन बघून आला. यंत्राचं पुढचं पातं जमिनीत रुतून त्या सगळ्या काठाची माती उकरली गेली होती, बीळ असलंच तरी आता दिसणार नव्हतं. "दोनचार माश्या फिरतायत," तो म्हणाला, "त्या काय, जॅमच्या बरणीपाशीसुद्धा फिरतात."

मग वडील माझ्याकडे वळले. "लिओटा, तू आत्ताच त्या काठाने आलीस. होतं का घर?"

चार चिंध्या माझ्या खिशात होत्या. मला वाटत होतं त्या बाहेरून दिसतायत. मी ज्युनोकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं आणि भ्याले. दुसरं काही कारण नाही. भ्याले.

"नाही, पा," मी म्हणाले. "असतं तर दिसलं असतं मला."

वडिलांच्या आधी अँसल बोलला. "लिओटा म्हणते नव्हतं, म्हणजे नव्हतं," तो म्हणाला. "तिची नजर माझ्यापेक्षा तिखट आहे." आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लगाम वडिलांच्या हातात दिले. "माझा डोळा लागला असणार, रूफस. मला आठवत नाही, पण असणार. आणि डोळा उघडल्यावर मी लगामाला हिसका दिला असणार." वडिलांनी "जाऊ दे" म्हटलं, पण लगाम परत दिले नाहीत. राहिलेला हंगाम बर्लने हाकला, चाबूक घेऊन.

पुढच्या वर्षी ट्रॅक्टर आला. तो कधीतरी आलाच असता, हे मला माहीत आहे. मी स्वतःला हे वर्षानुवर्षं सांगत आले आहे. पण दुसऱ्या शेतांवर अजून सहा-सात वर्षं घोडे होते, आणि त्या काळात अँसल प्रूइटसारखा हाकणारा मिळाला तर लोक पायघड्या घालत. त्याला कुणी बोलावलं नाही. बर्लने शनिवारी-शनिवारी गावात गोष्ट सांगितली होती, की अँसल बैठकीवर झोपतो आणि त्याने स्वतःचीच म्होरकी मारली. अँसलला कुणी विचारलं, तर तो मान डोलवी. स्वतः गुन्हेगारानेच कबूल केल्यावर आणखी कुणी काय शोधायचं?

तो गावातल्या धान्याच्या गोदामात झाडू मारायला लागला. अकरा वर्षं. मी दर पंधरा दिवसांनी त्याला जर्दाळूचा मुरंबा नेऊन देई. माझी अक्कल बघा, एका माणसाचा जन्म बिघडवला आणि भरपाई मुरंब्याने! तो बरणी घेई, टोपी काढी, "घोडे कसे आहेत?" विचारी. घोडे केव्हाच विकले गेले होते. मी "बरे आहेत" म्हणे. खोटं बोलायला एकदा सुरुवात केली, की पुढचं आपोआप येतं.

एकोणचाळीस साली लॉर्टनला पन्नास वर्षं झाली म्हणून सप्टेंबरात जत्रा भरवायचं ठरलं. मी समितीत होते. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जुना हार्वेस्टर काढायचा, आसपासच्या खोऱ्यांतून बत्तीस घोडे गोळा करायचे, आणि एक फेरा कापून दाखवायचा. घोडे मिळाले. हाकणारा मिळेना. शेवटी समितीचे दोघे गोदामात अँसलकडे गेले. मीही मागे उभी होते.

"नको," तो म्हणाला. "माझ्या हातात लगाम देऊ नका. माझा डोळा लागतो."

"अरे, एकच फेरा! सपाटीवर!"

"खाली माणसं उभी असतील," अँसल म्हणाला, आणि झाडायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या खोलीवर गेले. गोदामाच्या मागे एक खोली, एक खाट, एक शेगडी, आणि एकच खुर्ची, तीही पाठ नसलेली. तो खाटेवर बसला, मला खुर्ची दिली. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भोक, माश्या, चिंधी काढली आणि परत घातली, ते सगळं. सांगताना मी रडेन असं वाटलं होतं, तर रडूसुद्धा आलं नाही.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.

"टायटस उसळला, तेव्हा तू बघत होतीस?"

"बघत होते."

"मी काय करत होतो?"

"टायटसचं नाव घेत होतास. दोनदा घेतलंस. मी ऐकलं."

अँसलने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाला, "म्हणजे मी जागा होतो." थोड्या वेळाने परत, "मी जागा होतो तर." त्याचा चेहरा असा काही झाला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हणाले, "अँसल, मला माफ कर."

"माफीचं मागाहून बघू," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "अकरा वर्षं मी पाठीच्या खुर्चीत बसलो नाही, पोरी! डोळा लागेल म्हणून! शेगडी पेटवली की विझेपर्यंत उभा राहतो मी. रस्त्यात कुणी घोडा धर म्हटलं, तर मी पलीकडच्या बाजूला जातो. आणि तू मुरंबे आणत होतीस!"

मान खाली घालून उभी राहिले.

तो उठला, खिडकीपाशी गेला. आवाज खाली आला. "मी हाकीन," तो म्हणाला. "जत्रेत हाकीन. अजून जमेल मला. पण आधी तू सांगायचंस. गोदामात, शनिवारी, सगळे बसतात तेव्हा. बर्लच्या तोंडावर. झोपून घोडी मारणारा बैठकीवर चढलाय असं लोकांच्या डोळ्यांत असताना मी घोड्यांना हात लावणार नाही. घोड्यांना कळतं ते."

"सांगते," मी म्हणाले. "नक्की सांगते. फक्त पांची तब्येत बरी नाहीये. कापणी तेवढी होऊ दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला. "होऊ दे कापणी."

कापणी झाली. एक शनिवार गेला, दुसरा गेला. दोन्ही वेळा मी गोदामाच्या दारापर्यंत गेले. आत बर्ल मांडी ठोकून हसत होता. मी तिथून किराणा घेऊन घरी आले. वडिलांना कळलं तर त्यांच्या हृदयाला सोसणार नाही, असं मी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे मला सोसणार नव्हतं. मी शाळेच्या मंडळावर होते, चर्चमध्ये रविवारचा वर्ग घेत होते. लोक मला मानत. ते सगळं एका वाक्यात जाणार होतं.

जत्रेच्या दिवशी बत्तीस घोडे हार्वेस्टरला जुंपून नुसते उभे केले. हाकायला कुणी नव्हतं, म्हणून लोकांनी फोटो काढले आणि पोरांना घोड्यांवर बसवलं. अँसल कुंपणापाशी उभा होता. नवा शर्ट घातला होता, दाढी केली होती. तो घोड्यांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. अजूनही वेळ होता. भाषणांसाठी मांडलेल्या फळीवर चढून दोन वाक्यं बोलले असते, तर त्याने तिथल्या तिथे टोपी सारखी केली असती आणि शिडी चढला असता. मी लिंबू सरबताच्या टेबलामागे गेले आणि पेले विसळत बसले.

ऑक्टोबरात त्याला न्यूमोनिया झाला. पाच दिवसांत गेला. मला कळलं तेव्हा तो गेलेला होता.

अंत्यविधीला बरीच माणसं आली. माझे वडीलही आले, काठी टेकत. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का, आणि मी उठले. मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. चार चिंध्या, उसळलेला टायटस, मी खोटं बोलले ते, आणि अँसल जागा होता. "तो कधीच झोपला नव्हता," मी म्हणाले. "त्याने तिघांचे जीव वाचवले. ज्युनोला मी मारलं."

बर्ल उठला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने माझे दोन्ही हात धरले.

"बस, लिओटा," तो म्हणाला. "बस कर. म्हातारा कोऱ्या पाटीने जावा म्हणून तू हे अंगावर घेतेस, ते का आम्हाला कळत नाही?"

"बर्ल, मी खरं सांगतेय."

"हो, हो. खरंच सांगतेस." त्याने माझा हात थोपटला. "तू त्याला मुरंबे नेऊन द्यायचीस, ते सगळ्या गावाला माहीत आहे."

मी वडिलांकडे वळले. "पा, तुम्ही मला विचारलं होतंत! मी खोटं बोलले!"

वडील मान हलवत होते. "लहानपणापासून त्याच्यावर जीव होता तिचा," ते शेजारच्याला म्हणाले. मी ओरडले. तसं मागच्या बाकावरच्या दोघी बायका धावत आल्या, मला धरून बाहेर नेलं, गरम कॉफी पाजली आणि माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. आत पाद्रीबाबा परोपकारावर बोलत होते. माझं नाव घेऊन बोलत होते.

त्यानंतर मी किती जणांना सांगितलं असेल! वडिलांना त्यांच्या शेवटच्या दिवसांत परत सांगितलं. बर्लला त्याच्या घरी जाऊन सांगितलं. ज्याला सांगितलं, त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी आदर वाढला. वेळेवर, तो जिवंत असताना, गोदामात सांगितलं असतं, तर ते माझ्यावर थुंकले असते आणि अँसलला त्यांनी खांद्यावर घेतलं असतं. मेल्यावर सांगितलं, तर मी मोठी झाले आणि तो होता तिथेच राहिला.

गेल्या वर्षी शाळेच्या जुन्या इमारतीत गावाचं संग्रहालय झालं. भिंतीवर अँसलचा फोटो लावला आहे, बैठकीवर बसलेला, हातात दोन लगाम. खाली कार्डावर लिहिलं होतं, की अठ्ठावीस सालच्या अपघातात डुलकी लागून याच्या हातून घोडी मेली. मी तडक तिथल्या मुलीकडे गेले. शहरात शिकून आलेली, हुशार मुलगी. तिला दोन तास बसवून सगळं सांगितलं. ती मन लावून लिहून घेत होती. मध्येमध्ये "हो का?" म्हणत होती. मला वाटलं, हिला बर्ल माहीत नाही, वडील माहीत नाहीत, हिच्या कानांवर आधीचं काही पडलेलं नाही. ही तरी ऐकेल.

महिन्याने तिने मला बोलावून नवं कार्ड दाखवलं. अपघाताचं वाक्य तसंच होतं. त्याखाली तिने एक नवं वाक्य घातलं होतं, की त्याच्या मालकाची मुलगी लिओटा टँडी हिने त्याच्या अंत्यविधीत सगळा दोष स्वतःवर घेतला, आणि तिच्या मनाच्या मोठेपणाची आठवण लॉर्टनमध्ये अजून काढली जाते.

"आवडलं ना?" तिने विचारलं. माझं नाव तिने जाड अक्षरांत छापून घेतलं होतं.